कुटुंबाच्या आणि बाळाच्या फोटोशूटसाठी कपडे कसे निवडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शूटची तारीख ठरली की पहिला प्रश्न कपड्यांचाच येतो, आणि तो यायलाच हवा. प्रकाश, जागा, कुणी कुठे बसायचं हे फोटोग्राफर सांभाळतो. कपडे मात्र घरूनच ठरून येतात आणि ऐनवेळी बदलता येत नाहीत. खाली जे लिहिलंय त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लहान बाळ कौटुंबिक फोटोत एकटं क्वचितच असतं. ते कुणाच्या तरी छातीशी, खांद्यावर, मांडीवर किंवा कडेवर असतं. त्यामुळे मोठ्यांच्या अंगावरचा कपडा हीच बाळाच्या चेहऱ्यामागची पार्श्वभूमी असते, आणि बाळाचा गाल टेकतो तोही त्याच कपड्यावर.

कपडे ठरवायला सुरुवात कुणापासून करावी?

बहुतेक घरांत आधी बाळाचा ड्रेस घेतला जातो. तो असतोही इतका गोड की मोह आवरत नाही. मग त्याला जुळणारं आईला काही सापडत नाही आणि आदल्या रात्री कपाट उपसणं सुरू होतं. माझा सल्ला उलटा आहे. बाळाला सर्वांत जास्त वेळ जे धरणार आहे, त्याचे कपडे आधी ठरवा. बऱ्याचदा ती आई असते. चौकटीतली सर्वांत मोठी जागा तिचेच कपडे व्यापतात, आणि बाळंतपणानंतर अंगाला नीट बसणारे कपडेही मोजकेच उरलेले असतात. जिथे पर्याय कमी तिथून सुरुवात केली की पुढचं सोपं जातं. त्यानंतर बाळ, मग बाबा, मग मोठं भावंड. प्लेन शर्ट किंवा टी-शर्ट हव्या त्या रंगात मिळतो, म्हणून ही मंडळी शेवटी.

सगळ्यांनी एकसारखे कपडे घालायचे का?

एकसारखे नकोत, एकमेकांना धरून असलेले हवेत. सगळ्यांनी पांढरा शर्ट घातला की फोटोत खांदे एकमेकांत मिसळतात, कुणाचा हात कुठे संपतो ते कळत नाही आणि मधलं बाळ तर त्या पांढऱ्यात हरवूनच जातं.

त्याऐवजी तीन-चार रंग ठरवा आणि ते घरात वाटून घ्या. सर्वांत सोपी वाट म्हणजे एकाच व्यक्तीने नक्षीचा कपडा घालायचा आणि बाकीच्यांनी त्या नक्षीतले रंग उचलायचे. समजा आईच्या ड्रेसवर मळकट निळी, साय-रंगाची आणि विटकरी फुलं आहेत. मग बाबांना मळकट निळा शर्ट, मोठ्या मुलीला विटकरी फ्रॉक, बाळाला साय-रंगाचं झबलं. कुणीच कुणासारखं नाही, पण सगळे एका घरातले वाटतात.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. रंग कोणता यापेक्षा तो किती भडक आहे हे जास्त महत्त्वाचं. चौघांचे रंग वेगवेगळे असले तरी सगळे मवाळ असतील तर निभावतं. सगळे ठसठशीत असतील तरीही निभावतं. तीन मवाळ आणि एक झणझणीत असला की नजर त्या एकावरच जाऊन बसते, आणि तो बाळाचा मामा असेल तर फोटो मामाचा होतो.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो, हे निरीक्षणही जुनं आहे. पॅरिसच्या गोब्लँ या विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तेव्हा दोष काळ्या रंगात नव्हताच, तो त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी या विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा कपडे एकेक हातात धरून पसंत करू नका. एकमेकांवर ठेवून बघा, विशेषतः बाळाचे कपडे आईच्या कपड्यांवर.

बाळाला कोणता रंग खुलतो?

आधी बाळाची त्वचा आज कशी आहे ते बघा, कारण पहिल्या काही आठवड्यांत ती बदलत असते. अगदी नवजात बाळ बऱ्याचदा लालसर असतं, अंगाची सालही निघत असते. त्यावर भडक गुलाबी किंवा लाल घातलं की लाली आणखी उठून दिसते. अनेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडी कावीळ दिसते आणि ती ओसरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत पिवळा, लिंबू-हिरवा किंवा मोहरी रंग चेहऱ्याजवळ नको. साय-रंग, फिका करडा, राखाडी निळा, मातकट गुलाबी हे रंग बहुतेक सगळ्या बाळांना चालतात.

दुसरा मुद्दा परावर्तनाचा. कपड्यावर पडलेला प्रकाश उसळून वर येतो आणि कपड्याचा रंग सोबत घेऊन येतो. चकाकत्या पोपटी टी-शर्टवर बाळ झोपवलं तर त्याच्या हनुवटीखाली आणि गालाच्या कडेला हिरवी छटा पडते. ती नंतर संगणकावर काढणं जिकिरीचं असतं, कारण त्वचेचा खरा रंग कुठे सुरू होतो तेच कळेनासं होतं. फ्लोरोसंट रंग म्हणूनच पूर्ण टाळा. बाळाला धरणाऱ्याने तर नक्कीच.

मुलगा-मुलगी म्हणून निळा-गुलाबी पाळायची काहीच गरज नाही. आईच्या कपड्यांवर जे उठून दिसेल ते घ्या.

पांढरा आणि काळा टाळायचा का?

पूर्ण टाळायची गरज नाही, पण दोन्हींचे स्वभाव माहीत असावेत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर पांढरं असलं की तो फोटो गरजेपेक्षा अंधारा करतो, आणि चौकटभर काळं असलं की गरजेपेक्षा उजळ. फोटोग्राफर हे दुरुस्त करतो. घरी फोनवर काढणार असाल तर तुम्हालाच उजेड कमी-जास्त करावा लागेल. कडक उन्हात शुभ्र कपड्यावरच्या चुण्या, शिवण, नक्षी धुवून गेल्यासारखी दिसते. काळ्यात उलट होतं, घड्या दिसतच नाहीत आणि बाळाभोवती धरलेले हात अंधारात बुडतात.

शुभ्रपेक्षा साय-रंग किंवा हस्तिदंती, आणि काळ्यापेक्षा गडद निळा किंवा कोळशासारखा करडा बरा. फक्त शुभ्र आणि हस्तिदंती एकाच फोटोत आणू नका. अनेक साबणांमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून असे घटक असतात जे अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. अशा निळसर शुभ्र शर्टाशेजारी बाळाचं सुंदर हस्तिदंती झबलं जुनं, पिवळट दिसू लागतं.

पट्टे आणि चौकडा चालतात का?

मोठे, मोकळे चालतात. बारीक पट्टे, बारीक चौकडा आणि घट्ट विणीचं खडबडीत कापड टाळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे बिंदू ओळीने बसवलेले असतात. कापडावरच्या बारीक रेघा आणि या ओळी एकमेकांवर येतात तेव्हा कापडावर नसलेल्या लाटा आणि इंद्रधनुषी पट्टे फोटोत उमटतात. याला मोआरे म्हणतात. फोन दूरवर धरून कपड्याचा फोटो काढा आणि पडद्यावर लहान-मोठा करून बघा. रेघा थरथरल्यासारख्या दिसल्या तर तो शर्ट शूटला नको.

नक्षीदार कपडा बाळाला की मोठ्यांना, असंही विचारतात. बाळाला धरणाऱ्याच्या छातीवर मोठी नक्षी असेल तर बाळाचा एवढासा चेहरा तिच्यात गुंतून जातो. नक्षी कमरेखाली असेल, किंवा बाळाला न धरणाऱ्याच्या अंगावर असेल, तर खुशाल घ्या.

नवजात बाळाला नेमकं काय घालावं?

खरं सांगायचं तर फार काही नाही. झोपलेल्या, मुटकुळं केलेल्या बाळाचे फोटो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत काढतात. तेव्हा बाळ जास्त वेळ झोपतं आणि पोटातल्या सवयीने अंग मुडपून घेतं. या वयात तयार ड्रेस जवळजवळ नेहमीच मोठे होतात. गळा हनुवटीवर चढतो, बाह्यांतून बोटं बाहेर येत नाहीत आणि फोटोत बाळापेक्षा कापडच दिसतं. मऊ दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, किंवा पुढून बांधायचं अंगाबरोबरचं सुती झबलं, हेच सर्वांत देखणं दिसतं. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. झोपलेलं बाळ जागं होतं आणि मग अर्धा तास त्याला पुन्हा झोपवण्यात जातो.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका. गुडघे वर आणि बाहेर दुमडता येतील एवढी जागा कमरेखाली हवीच, कारण नितंबाचे सांधे अजून घडत असतात.

कपडे कमी असल्यामुळे खोली उबदार ठेवावी लागते. नवजात बाळाला मोठ्यांसारखं कुडकुडून अंगात ऊब आणता येत नाही. मात्र उलट बाजूही तितकीच खरी, जाड लोकरीत गुंडाळून दिव्यांखाली ठेवलेलं बाळ फार तापतं. हातपाय गार लागणं स्वाभाविक असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून बघा. तिथे घाम किंवा कढत लागलं तर लगेच एक थर काढा. फोटो थांबतो, बिघडत काही नाही.

विणलेले मोजे, हातमोजे आणि टोपडं घालण्याआधी उलटं करून आतून नीट तपासा. आतले सुटे धागे किंवा अडकलेला आईचा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. तो आवळला की बोटाचा रक्तपुरवठा अडतो, आणि मोज्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ शूटमध्ये कारण नसताना रडत राहिलं तर मोजे काढून दहाही बोटं बघा.

बसणाऱ्या आणि रांगणाऱ्या बाळासाठी?

आधाराशिवाय नीट बसणारं बाळ, म्हणजे साधारण सहा ते आठ महिन्यांचं, शूटसाठी फार छान. हसतं, बघतं आणि अजून पळत नाही. बसल्यावर कपड्याचं काय होतं ते मात्र घरी बघा. उभं धरून नेटका दिसणारा शर्ट बसवल्यावर पोटावर गोळा होतो, गळा कानांपर्यंत येतो. खाली टिचबटणं असलेला एकसंध रोम्पर वर सरकत नाही, म्हणून तो माझ्या पहिल्या पसंतीचा. फ्रॉक घालणार असाल तर खाली त्याच रंगाची चड्डी हवी, नाहीतर प्रत्येक फोटोत डायपर डोकावतो. त्याच कारणाने फिक्या, पातळ कपड्याखाली चित्रांचा डायपर नको, प्लेन पांढरा आणा.

रांगणाऱ्या बाळाला लांब फ्रॉक नको. गुडघा कापडावर पडतो, बाळ पुढे जायला बघतं आणि तोंडावर आपटतं. पायजमा किंवा अर्धी चड्डी बरी. नुकतं चालायला लागलेल्या मुलाला घोट्यापर्यंतच येणारं काहीतरी घाला.

शूटच्याच दिवशी नवा कपडा काढला तर?

कृपया नको. नव्या कपड्यावर कांजी, जादा रंग आणि चुरगळू नये म्हणून लावलेल्या रसायनांचा अंश असतो. नाजूक त्वचेवर तासाभरात पुरळ येऊ शकतं आणि ते गळ्याशी, गालाशीच येतं. सौम्य साबणाने धुवून, नीट खळबळून घ्या, मागची लेबलं कापून टाका. मग घरी निदान एकदा अर्धा-पाऊण तास घालून ठेवा. बाळ कुठे ओढतंय, कुठे खाजवतंय हे तेव्हाच कळतं.

शूटच्या दिवशी निघताना बाळाला सैल कपड्यात आणा. घट्ट मोजे, पायजम्याचं इलॅस्टिक, डायपरची कड यांचे लाल वळ त्वचेवर बराच वेळ राहतात. उघड्या पायांचे फोटो हवे असतील तर तासभर आधीच मोजे काढून ठेवा.

मी अंगावर दूध पाजते, पोटही अजून पूर्ववत नाही. मी काय घालू?

हा प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला जातो, म्हणून मी मोठ्याने आणि सविस्तर उत्तर देते. शूटमध्ये बाळाला मध्येच पाजावं लागणार, हे गृहीतच धरा. मागून झिप असलेला ड्रेस कितीही सुंदर असला तरी प्रत्येक वेळी तो पूर्ण उतरवावा लागेल, बाळ तोवर रडून लाल होईल. पुढून उघडणारा, एकावर एक पदर येणारा, किंवा वर-खाली दोन भागांचा कपडा घ्या. पॅड लावाच, आणि वरचा कपडा असा हवा की थोडा ओलावा लगेच दिसणार नाही. फिका करडा आणि चकचकीत साटीन यांवर पाण्याचा एक थेंबही दिसतो. मध्यम गडद, मऊ सुती किंवा बारीक नक्षीचं कापड तो झाकून घेतं.

पोटाबद्दल: तंबूसारखा ढगळ कपडा घालून ते लपत नाही, उलट सगळं अंगच मोठं दिसतं. छातीखाली थोडा बेतलेला आणि तिथून खाली मोकळा सुटणारा कपडा बहुतेक सगळ्या आयांना शोभतो. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांवर येणारा कमरपट्टा किंवा जीन्सचं बटण नको. बसता-उठताना ते टोचेल आणि ती वेदना चेहऱ्यावर दिसेल. उंच कमरेचा मऊ इलॅस्टिकचा पायजमा किंवा लांब ड्रेस बरा. शिवाय पोटासमोर बाळ येणारच आहे. तुम्हाला ज्या कपड्यात मोकळा श्वास घेता येतो तोच घाला.

एक तपासणी मात्र सर्वांत आवश्यक. बाळाचा गाल जिथे टेकणार तिथे, म्हणजे खांदा आणि छाती, टिकल्या, मणी, जर, खडे, धातूची बटणं काही नको. स्वतःचा गाल त्या कापडावर दाबून, थोडा घासून बघा. तुम्हाला टोचलं तर बाळाला नक्कीच टोचणार.

बाबांसाठी काही?

प्लेन, अंगाला बसणारा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एवढ्याशा बाळाखाली बाबांचे उघडे हात दिसतात तो फोटो घराघरांत आवडतो. खिसे रिकामे करा, फोन आणि किल्ल्या फुगून दिसतात. छातीवरच्या खिशातलं पेन बाळाच्या डोळ्यासमोर येतं, तेही काढा. जमिनीवर मांडी घालून बसणार असाल तर मोज्यांकडे बघा, विजार वर सरकते आणि पांढरे खेळाचे मोजे सगळ्यांच्या पुढे येतात.

अक्षरं किंवा कार्टून असलेले टी-शर्ट?

नकोत. डोळा अक्षर दिसलं की आधी ते वाचतो, चेहरा नंतर बघतो.

मोठं भावंड ऐकतच नाही. त्याला त्याचाच अंगरखा, त्याचीच टोपी हवी असते.

घरात बाळ आल्यापासून त्या मुलाचं सगळं बदललेलं असतं, त्यात आता कपडेही दुसऱ्याने ठरवायचे! त्याच्यासाठी दोन जोड तुम्ही निवडा, दोन्ही तुमच्या रंगांत बसणारे, आणि त्यातला एक त्याला निवडू द्या. आवडता अंगरखा बरोबर आणा. शेवटची पाच मिनिटं तो घालून फोटो काढायचे असं आधीच कबूल करा आणि शब्द पाळा. अनेकदा तेच फोटो पालक मोठे करून लावतात. टोचणारा, आवळणारा कपडा मात्र या वयाला मुळीच घालू नका. तीन-चार वर्षांचं मूल कॉलर ओढत राहिलं तर प्रत्येक फोटोत तो हात गळ्याशीच दिसतो.

आजी-आजोबा सोबत असतील तर?

त्यांना फक्त रंग सांगा, कपडा त्यांचा त्यांना निवडू द्या. वर्षानुवर्षं ज्या कपड्यात ते सहज वावरतात त्यातच ते छान दिसतात. फक्त घरातले बाकीचे टी-शर्टवर आणि आजी भरजरीत असं होऊ नये. थाट सगळ्यांचा सारखा, कमी तर कमी, जास्त तर जास्त.

बाळाला दागिने, हेअरबँड, टोपी घालावी का?

कमीत कमी. हेअरबँड रुंद, मऊ आणि इतका सैल हवा की खाली सहज बोट जाईल. कपाळावर वळ उमटला तर तो घट्ट आहे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर टोपी किंवा बँड घसरू देऊ नका, फोटो झाला की लगेच काढा.

गळ्यात मण्यांच्या माळा नकोत. दात येताना घालायच्या अशा माळा आणि कडी यांमुळे गळा आवळण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. टोपीच्या, गळ्याच्या नाड्यांचंही तेच. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात लहान मुलांच्या कपड्यांना डोक्या-मानेपाशी नाड्या-दोऱ्या लावायला मनाई आहे. बटणं, फुलं, चिकटवलेले मोती ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाच्या मुलासाठी धोक्याची मानतात. झबल्यावरचं बहुतेक प्रत्येक बटण त्यात मावेल, म्हणून ते घट्ट शिवलेलं असायलाच हवं.

मोठ्यांनीही लोंबणारे कानातले आणि लांब माळा टाळाव्यात. पाच-सहा महिन्यांचं बाळ दिसेल ते मुठीत पकडतं आणि सोडत नाही.

चष्मा, घड्याळ, फिटनेस बँड यांचं काय?

चष्मा रोज लावता तर लावाच, नाहीतर तुम्ही तुम्हीच वाटणार नाही. काचा स्वच्छ पुसा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरच्या शूटला साध्या काचांचा चष्मा आणा, कारण त्या सावलीतही गडदच राहतात आणि डोळे दिसत नाहीत. घड्याळ, बँड आणि मनगटावरचा केसांचा रबर तिन्ही काढून ठेवा. बाळाभोवतीच्या हातांवर ते हमखास दिसतात.

पायात काय घालावं?

घरातल्या शूटला अनवाणी सर्वांत बरं. बाळाचे पाय तर उघडेच हवेत. एवढे लहान तळवे पुन्हा मिळत नाहीत. बाहेर असाल तर साधे, जुने पण स्वच्छ बूट. मुलांच्या खेळाच्या बुटांवर चकाकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणून फ्लॅशमध्ये बूट पांढरेफटक पेटल्यासारखे दिसतात. चालताना दिवे लागणारे बूटही त्या दिवशी घरीच.

जागेनुसार कपडे बदलायचे का?

हो, पण अंदाज घेऊन. हिरवळीवर हिरवे कपडे विरून जातात, तिथे साय-रंग, मातकट गुलाबी, विटकरी उठून दिसतात. भिंती फिक्या असलेल्या खोलीत थोडे गडद रंग चांगले. घरी शूट असेल तर सोफ्याचा आणि चादरीचा रंग विसरू नका, तेही चौकटीत येतात.

उजेडाचाही वाटा आहे. मध्यान्हीचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप), जवळजवळ पांढरा असतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना तो ३००० केल्विनच्या आसपास येतो, म्हणजे चांगलाच पिवळा-नारिंगी. संध्याकाळच्या त्या उन्हात साय-रंग, तपकिरी, गंजासारखे रंग खुलतात आणि फिका निळा करडा पडतो. निळ्याचीच हौस असेल तर सकाळी उशिरा, सावलीत शूट ठेवा.

कृष्णधवल फोटो काढायचे आहेत. मग रंगाला महत्त्व उरतं का?

रंगाला नाही, पण उजेड-गडदपणाला दुप्पट उरतं. लाल फ्रॉक आणि हिरवा शर्ट प्रत्यक्षात एकदम वेगळे, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर कृष्णधवल फोटोत एकच करडा ठिपका होतो. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. बाळाचा आणि धरणाऱ्याचा कपडा वेगळे ओळखू आले पाहिजेत. विणलेली लोकर, जाड सुती, सुरकुतलेलं मलमल असा पोत असलेला कपडा इथे फार सुंदर दिसतो.

किती जोड आणावेत?

मोठ्यांना एक, फार तर दोन. बाळाला दोन ठरवलेले आणि एक राखीव. प्रत्येक वेळी कपडे बदलण्यात बाळाचा उत्साह खर्च होतो, आणि तो मर्यादित असतो. सर्वांत आवडता जोड आधी घाला.

आधीच सगळं कसं तपासून बघायचं?

शूटच्या तीन-चार दिवस आधी सगळे कपडे खिडकीजवळ पलंगावर मांडा. जसे बसणार तसेच मांडा, आईच्या कपड्यांवर बाळाचे कपडे, शेजारी बाबांचे. दिवे बंद करून, फक्त खिडकीच्या उजेडात वरून फोनने एक फोटो काढा. मग तो अंगठ्याएवढा लहान करून बघा. नजर आधी कुठे जाते? बाळाच्या झबल्याकडे जात असेल तर झालं. एखाद्या शर्टाकडे जात असेल तर तो बदला.

त्यानंतर कपडे घालून बघा. खाली बसा, वाका, बाळाला उचलून डोक्यावर धरा. वाकल्यावर गळा किती खाली येतो, हात वर केल्यावर पोट उघडं पडतं का, बटणांमध्ये फट पडते का, हे आरशासमोर उभं राहून कधीच कळत नाही.

त्या दिवशी आधी कोणी तयार व्हायचं?

मोठे आधी, बाळ सर्वांत शेवटी, तेही जागेवर पोहोचून, दूध पिऊन ढेकर काढल्यावर. इस्त्री केलेले कपडे घडी न घालता हँगरवर न्या. गाडीत बसायचं असेल तर वाटेत दुसरे कपडे घाला. सीटबेल्टच्या चुण्या लिननवर पडल्या की हाताने जात नाहीत. तयार झाल्यावर आईच्या खांद्यावर एक स्वच्छ रुमाल टाकून ठेवा आणि फोटोच्या क्षणी तो ओढून घ्या.

बाळाने ऐनवेळी कपडे खराब केले तर?

करणारच. दुधाची गुळणी असेल तर ओल्या कापडाने टिपून घ्या, चोळू नका, चोळल्याने डाग पसरतो. लाळ गळत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये लाळेरं बांधून ठेवा. डायपर फुटला तर राखीव जोड आहेच. तो मूळ जोडाच्याच रंगाचा ठेवा, म्हणजे बाकी कुणाला बदलावं लागणार नाही. धरणाऱ्याचाही एक जादा शर्ट पिशवीत असू द्या, कारण बाळाचं जे काही होतं ते बहुधा त्याच्याच अंगावर होतं. आणि राखीव जोडही ओला झाला तर बाळाला फक्त डायपरवर, मऊ दुपट्यात गुंडाळून आईच्या छातीशी द्या. दुपटं म्हणूनच आधीपासून ठरवलेल्या रंगांत बसणारं आणा.